कर्ण्यातली सावत्र आई

मंगला विषमज्वरानं गेली, तेव्हा तिची धाकटी बहीण चतुरा येवल्याहून नाशकाला आली ती दिवसांपुरती. तेरावं झालं, पाहुणे पांगले, वडीलही परत गेले. चतुराचं गाठोडं मात्र खुंटीवरच राहिलं. मंगलाची दोन पोरं तिला सोडायला तयार नव्हती. तानू आठ वर्षांची. दिवसभर शहाण्यासारखी वागायची आणि झोपताना मावशीच्या पदराचं टोक मुठीत धरायची. गोटीराम पाचाचा. मावशी नळावर पाण्याला निघाली की हाही रिकामी तपेली घेऊन मागं. पोरांची आजी धोंडाबाई गुडघ्यांनी अधू झालेली. ती म्हणाली, राहू द्या पोरीला चार दिवस. ते चार दिवस संपता संपेनात. पावसाळा गेला, दिवाळी दिव्यांवाचून गेली, थंडी पडली, तरी चतुरा नाशकातच होती.

येवल्यात तिच्या वडिलांचे पैठणीचे माग होते. पण चतुराचा जीव रेशमात नव्हता, पाटी-पुस्तकात होता. त्यांच्या आळीत मराठी सातवी पास झालेली ती पहिली मुलगी. तिचं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं होतं आणि त्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी वडिलांकडे निरोप धाडला होता, की पोरीला आमच्याकडे मास्तरीण म्हणून द्या, धाकट्या वर्गाला शिकवील. वडील 'बघू' म्हणाले होते. त्या 'बघू'च्या आशेवर ती होती, तोच बहीण गेली.

मग हळूहळू नाशकाच्या घरातलं वारं बदललं. कुणी समोर बसवून काही विचारलं नाही. पण धोंडाबाईनं एक दिवस फडताळाच्या किल्ल्या काढून चतुराच्या कमरेला खोचल्या. शेजारची कुसाबाई जाता-येता म्हणायची, "माय मरो पण मावशी उरो, म्हणतात ते काय उगाच?" वडील मधे एकदा येऊन गेले, धोंडाबाईशी आत बसून बोलले आणि निघताना चतुराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, पोरं आता तुझीच आहेत. मंगलाचं वर्ष सरलं की साध्या पद्धतीनं लग्न उरकून टाकायचं, एवढं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांत ठरून गेलं. ज्यांचं ठरलं त्या दोघांशी मात्र कुणी बोललं नव्हतं.

रंगनाथ, मंगलाचा नवरा, कापडपेठेतल्या एका दुकानात गिऱ्हाइकांना लुगडी दाखवायला बसायचा. इंग्रजी चार इयत्ता शिकलेला, हळू बोलणारा, सरळ माणूस. मंगला गेल्यापासून तर त्याचं बोलणं जेवणापुरतंच उरलं होतं. चतुरा त्याला दाजी म्हणायची. मंगलाच्या लग्नात ती परकरी पोर होती. वरातीत तिला झोप आवरेना, तेव्हा या नवरदेवानं तिला घोड्यावर आपल्यापुढं घेतलं होतं आणि ती त्याच्या शेल्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. त्या माणसाकडे नवरा म्हणून बघायचं म्हणजे कसं बघायचं, हेच तिला कळत नव्हतं. तो वाईट असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. पोरांवर तिचा जीव होता, त्यामुळे हो म्हणणंही अगदीच खोटं ठरलं नसतं. पण बहिणीच्या जागी निजायचं, बहिणीच्या जागी हाक आली की ओ द्यायची, हे तिच्यानं होणार नव्हतं. ते कुणाला सांगणार?

त्या थंडीत नाशकात एक नवलाचं चित्र लागलं. बैलगाडीला दोन्ही बाजूंनी रंगीत पाट्या बांधून, पुढं ताशा वाजवत त्याची जाहिरात गल्लोगल्ली फिरली. चित्रात माणूस एकही नाही, सगळी हातानं काढलेली चित्रं, आणि ती चालतात, बोलतात, गातात. शाळेतून येताना तानूनं ते ऐकलं आणि घरी येऊन आजीला, मावशीला आणि संध्याकाळी बापाला, असं प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. आई गेल्यापासून पोरीनं आपणहून काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रंगनाथ तिकिटं घेऊनच घरी आला. पोरांना चतुराबरोबर पाठवायचं त्याच्या मनात होतं, पण धोंडाबाई म्हणाली, "तू बी जा संगं. बायामाणसांना एकलं धाडत्यात काय?" तिच्या पोटात काय होतं ते सगळ्यांना कळलं.

निघायच्या वेळी धोंडाबाईनं मंगलाची पेटी उघडली आणि वांगी रंगाचं लुगडं चतुरापुढं धरलं. चतुरा म्हणाली, माझं आहे ते धड आहे की, आत्याबाई. पण म्हातारीचे डोळे भरून आले होते. "पेटीत पडून इरून जाईल ते," ती म्हणाली. चतुरानं ते नेसलं. घडीला अजून वाळ्याचा वास होता. गोटीरामानं निऱ्यांत तोंड खुपसलं आणि तो तसाच उभा राहिला. तानूनं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वहाणा शोधायचं निमित्त करून ती बाहेर गेली.

थिएटरात बायकांची जागा वर सज्जात होती, पुरुषांची खाली. रंगनाथ खाली गेला आणि चतुरा पोरांना घेऊन लाकडी जिना चढली. दिवे मालवल्यावर सज्जापुढचा पडदा सारला गेला. समोर पांढऱ्या कापडावर एक काळी रेघ उमटली. ती सरळ चालत गेली, वळली, तिला लाटा फुटल्या आणि बघता बघता तिची नदी झाली. नदीकाठी एक पाणचक्की उभी राहिली, चक्कीच्या खिडकीतून एका मुलीनं तोंड बाहेर काढलं आणि ती गायला लागली. ती गायली की चक्की फिरे, थांबली की चक्की थांबे. बेडकांनी तिला साथ धरली. साळिंदराच्या पिल्लाच्या पाठीवर पिठाची पोती चढली आणि ते तोल जाऊन नदीत पडलं, तेव्हा सज्जा खदखदून हसला. तानूही हसली. पोरीचं ते हसू ऐकून चतुराचं चित्रातलं लक्षच उडालं. अंधारात ती तिच्याकडेच बघत राहिली.

मग तिला नवल वाटायला लागलं ते वेगळंच. वडिलांच्या मागावर पदरातला एक मोर उतरायला दिवस मोडायचे, आणि तो मोर तरी जागचा हलत नसे. इथं मुलगी मान वळवत होती, केस उडत होते, पाणी उसळत होतं. हे सगळं कुणी बसून काढलं असेल? किती माणसं, किती हात लागले असतील? गोटीरामाला वेगळाच प्रश्न पडला होता. चित्रात बर्फ पडून सगळी जमीन पांढरी झाली होती, आणि त्यानं बर्फ पाहिला होता तो फक्त जत्रेतल्या सरबताच्या गाडीवर, भुशाखाली झाकलेला.

"मावशी, एवढा बर्फ कोणी सांडला?" त्यानं विचारलं. आजूबाजूच्या बायका हसल्या.

चित्र इंग्रजी होतं. म्हणून पडद्याच्या कडेला काळा कोट घातलेला एक गृहस्थ उभा होता. त्याच्या हातात पत्र्याचा कर्णा होता आणि पडद्यावरचं बोलणं तो मराठीत सांगायचा. मधेमधे पदरचंही घालायचा, पण ते छान असायचं. एवढ्यात चित्रात एक बाई आली. उंच, काटकुळी, कोयत्यासारखं नाक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती बर्फावरून घसरली, पोरं हसली. ती उठली आणि त्या मुलीशी लाडीगोडीनं काहीतरी बोलली. कर्णा वर गेला.

"ही बरं का मंडळी, हिची सावत्र आई!"

सज्जातल्या सगळ्या बायकांच्या तोंडून एकदम 'हं' असा हुंकार निघाला. अडलेलं कोडं सुटावं तसा. त्यानंतर त्या बाईचं काहीच कुणाला गमतीचं वाटेना. ती हसली की कर्णा म्हणे, पाहा कशी हसते. तिनं मुलीला भाकरी दिली की कर्णा म्हणे, सावत्र आईची भाकरी, तिला चटके फार. खरं तर ती बाई वाईटच होती. तिला चक्की हवी होती आणि मुलगी नको होती. पण चतुराच्या कानात चित्रातलं दुसरं काही शिरेना. तानूचा हात तिच्या हातात होता. तो हात तिनं काढून घेतला नाही, पण तो सैल झाल्याचं चतुराला कळलं.

मध्यंतराचे दिवे लागले. कुसाबाई मागच्याच बाकावर होती. तिनं पोरांच्या ओंजळीत फुटाणे घातले आणि मायेनंच म्हणाली, "बरं झालं गं तानू तुझं. आता मावशीच आई व्हायची. सावत्र म्हणली तरी आपल्याच रक्ताची."

तानूनं फुटाणे तोंडात टाकले नाहीत. तिनं चतुराच्या कमरेच्या किल्ल्यांकडे पाहिलं, वांगी लुगड्याकडे पाहिलं. मग 'मी नानांजवळ बसते' म्हणून ती उठली आणि जिना उतरून बापाकडे गेली. चतुरानं तिला थांबवलं नाही. थांबवून काय सांगायचं होतं?

पुढचं चित्र तिनं धड पाहिलंच नाही. पडद्याच्या उजेडात खाली रंगनाथाच्या मांडीवर बसलेली तानू तिला दिसत होती. चित्रातली बाई त्या मुलीला गोठलेल्या नदीपलीकडे धाडत होती, बर्फ तडकत होता, बगळ्यांचा थवा मुलीला उचलून नेत होता. शेवटी ती बाईच नदीवर धावली आणि किल्ल्यांच्या भारानं बर्फ फुटून खाली गेली. देवानं सावत्र आईला शासन केलं, असं कर्ण्यानं सांगितलं आणि सारं थिएटर टाळ्या वाजवू लागलं. गोटीराम चतुराच्या मांडीवर होता. त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि तिच्याच हातांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना तानू बापाचं बोट धरून पुढं चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चतुरा फणी घेऊन बसली, तर पोरगी म्हणाली, आजी घालील वेणी. धोंडाबाईच्या बोटांना संधिवात. केसांचा गुंता झाला, ओढाताण झाली, पोर कळवळली, आणि म्हातारीनं वैतागून फणी टाकून दिली. चतुरा तिला परसात घेऊन गेली आणि पाण्याच्या दगडी डोणीच्या कडेला बसवलं. काय झालं ते सांग, मी रागावणार नाही, असं तिनं पुन्हा पुन्हा म्हटलं. तानू बराच वेळ नखानं फणीचे दात वाजवत राहिली.

"तू सावत्र आई होणार आहेस?"

चतुराला नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना. लोक म्हणतात तसं, एवढंच ती बोलली.

"होऊ नको ना," तानू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण आवाज अजून शहाण्यासारखाच होता. "तू आई झालीस तर मला मावशी कुठली राहणार? माझी आई आहे. ती वारली, पण ती आहे. तू मावशीच राहा."

इतके महिने चतुराच्या छातीत जे अडून बसलं होतं, ते आठ वर्षांच्या पोरीनं सरळ बोलून टाकलं. चतुरानं तिला कुशीत ओढलं. "राहीन," ती म्हणाली. "मावशीच राहीन." मग तिनं तेल घेतलं आणि सावकाश, एकेक बट सोडवत गुंता काढला. वेणी घालून झाली, पोरगी शाळेला गेली. पण पोरीला शब्द दिला होता, आणि आता तो मोठ्यांना सांगायचा होता.

दुपारी रंगनाथ जेवायला आला. धोंडाबाई कुसाबाईकडे पापड लाटायला गेली होती. तानू शाळेत, गोटीराम झोपलेला. चतुरानं ताट वाढलं, भाकरी वाढली, आमटी वाढली आणि मग पदर सावरून चुलीपाशी उभी राहिली.

"दाजी, मला या घरात काही कमी नाही," ती म्हणाली. "पोरं माझीच आहेत. पण ताईच्या जागी मला बसता यायचं नाही. मी मावशीच बरी."

रंगनाथानं हातातला घास ताटात ठेवला. तो रागावला असं तिला वाटलं. पण तो म्हणाला, "तू हो म्हटलंयस, असं मला सांगितलं होतं. म्हणून मी गप्प होतो."

"मला कुणी विचारलंच नाही."

"मलाही नाही." तो खाली बघूनच बोलत होता. "आई हा विषय काढायची तेव्हा मला वरात आठवायची. माझ्या शेल्यावर झोपलेली पोर तू. मान वर करवत नव्हती मला."

चतुराला एकदम हलकं वाटलं. मग तिनं सकाळची सगळी हकिगत सांगितली. तानू काय म्हणाली, कुसाबाई काय म्हणाली, त्या चित्रातल्या सावत्र आईचा पोरीनं कसा धसका घेतला. ऐकता ऐकता रंगनाथाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि कित्येक महिन्यांनी तो हसला.

"अगं, ती सावत्र आई नव्हतीच मुळी," तो म्हणाला. "ती मुलगी तिला 'आंट' म्हणत होती. पहिल्याच बोलण्यात ती बाई सांगते, मी तुझ्या आईची बहीण. मावशी होती ती."

चतुरा बघतच राहिली. रंगनाथानं मग सगळं सांगितलं. मध्यंतरात तो चहाला गेला, तर कर्णेवाला गृहस्थ शेजारीच बशीत चहा ओतत होता. यानं त्याला विचारलं, की मावशीची सावत्र आई कशी केलीत? तो म्हणाला, तुम्हांला इंग्रजी येतं म्हणून चूक सापडली. पहिल्या खेळाला मी मावशीच म्हणालो होतो, तर वरच्या बायका खवळल्या. मावशी अशी असेल कशी, म्हणाल्या, या मेल्याला इंग्रजी येत नाही. दुसऱ्या खेळापासून मी तिची सावत्र आई केली. तेव्हापासून एक तक्रार नाही.

चतुरा हसली. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. आणि मग तिला वाईट वाटायला लागलं. त्या कर्ण्याच्या एका शब्दानं शेकडो बायका 'हं' म्हणाल्या होत्या आणि त्यात तीही होती. अशा किती बायका असतील, की ज्यांनी घरात पाऊल टाकण्याआधीच त्यांच्यापुढं कर्णा वाजलेला असतो.

मी नकार दिला असंच आईला सांगतो, पुरुषानं नाही म्हटलेलं लोक लवकर विसरतात, असं रंगनाथ म्हणाला. चतुराला ते पटलं नाही. आपण दोघांनी मिळून सांगू, ती म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी तसं सांगितलं.

धोंडाबाईनं आकांत केला नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि जेवली नाही. तिचा राग चतुराला सोसला असता, पण म्हातारी एवढंच म्हणाली, "म्या आज हाय, उद्या नाय. माझ्यामागं ह्या लेकरांचं कोन?" वडील न्यायला आले ते कपाळाला आठ्या घालूनच. निघताना गोटीराम गाडीच्या चाकाशी बसून रडला. तानू रडली नाही. सुट्टीत येवल्याला यायचं, असं तिनं मावशीकडून कबूल करून घेतलं होतं.

सर्व्हिस मोटारीत वडील चतुराशी एक शब्द बोलले नाहीत. निफाड गेलं. विंचूर आलं, तिथं ड्रायव्हर पाणी भरायला थांबला. वडिलांनी पेरू घेतले, एक तिच्या हातात ठेवला आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "शाळेतल्या बाई परवा पुन्हा विचारत होत्या."

चतुरा मास्तरीण झाली. पहिलीतल्या पोरींना ती 'ग'चा काना आणि 'म'ची गाठ शिकवू लागली. दिवस भरून जायचा. पण संध्याकाळी घरी येताना म्हातारीचा प्रश्न सोबतीला यायचा. पोरांचं कोण?

वडिलांकडे रेशीम उकलायला चिमणाबाई म्हणून एक बाई येत असे. सिन्नरकडची, पंचविशीतली. लग्नानंतर चार वर्षांत नवरा पटकीनं गेला, मूलबाळ नाही, भावाच्या आश्रयाला येवल्यात राहत होती. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची चाल होती, आणि तिला एकदोघांनी मागणीही घातली होती. पण एकाला कष्टाला बैल हवा होता आणि दुसऱ्याला म्हाताऱ्या आईला उचलायला माणूस. चिमणाबाईनं दोघांना हसून वाटेला लावलं. तिचं हसू मोठं होतं, ओसरीवरून आत ऐकू यायचं. रेशमाचा गुंता झाला की कारागीर वैतागून कात्री शोधायचे, तेव्हा वडील म्हणायचे, कापू नका, चिमणाबाईकडे द्या. ती गाणं गुणगुणत बसायची आणि घटकाभरानं लड मोकळी करून द्यायची.

चतुरा पुष्कळ दिवस तिच्याकडे बघत होती. शेवटी एकदा तिच्याजवळ जाऊन बसली. वडिलांना सांगितलं नाही, तिच्या भावाला नाही, धोंडाबाईला निरोप धाडला नाही. आधी हिला विचारायचं, असं तिनं ठरवलंच होतं. तिनं नाशकाचं घर, दाजी, म्हातारी, सगळं होतं तसं सांगितलं आणि म्हणाली, मनात नसेल तर इथंच सोडून दे, ही गोष्ट माझ्या तोंडून पुन्हा निघायची नाही.

चिमणाबाईची बोटं रेशमावर थांबली. नवरा कसा आहे, हे तिनं विचारलंच नाही. "पोरं कशी हायेत?" तिनं विचारलं. मग थोड्या वेळानं म्हणाली, "आधी त्यांनी मला बघू दे. मला काय, मी येईन. पण त्यांना मी चालले पायजे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं येवल्याला आली. गोटीरामाचं काहीच अडलं नाही. चिमणाबाईनं त्याला रेशमाच्या रिकाम्या कांड्यांची आगगाडी करून दिली आणि तो दिवसभर तिच्या पुढ्यात. तानू मात्र दारातून बघायची आणि निघून जायची. लग्नाचं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं. एका संध्याकाळी दोघी ओट्यावर बसल्या होत्या, तेव्हा तिनं मावशीला सरळच विचारलं, ती सावत्र आई आहे ना?

चतुरा तिला म्हणाली, "तुला एक गंमत सांगते. त्या चित्रातली किल्ल्यांची बाई आठवते? ती सावत्र आई नव्हती. ती त्या मुलीची मावशी होती. तुझ्या नानांनी इंग्रजीतून ऐकलंय. कर्णेवाल्यानं आपल्या मनानं सावत्र आई केली."

तानूचा विश्वास बसेना. तिनं उलटसुलट विचारलं. मावशी? खरी मावशी? आईची बहीण? चतुरा प्रत्येक वेळी हो म्हणाली.

"पण मावशी तशी नसते," तानू म्हणाली.

"एखादी असेलही. मी आहे का तशी?"

"नाही."

"मग सावत्र आई तरी सगळ्या तशाच असतात, हे कोणी ठरवलं?"

तानूनं पाय हलवायचे थांबवले. समोरच्या ओसरीवर दिवेलागणीच्या उजेडात चिमणाबाई गोटीरामाला मांडीवर घेऊन त्याच्या तळपायातला काटा शोधत होती आणि तो ओरडत होता. तानू बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडे कर्णेवाला नको, मावशी."

"नको," चतुरा म्हणाली.

त्यानंतरही पोरगी लगेच चिमणाबाईच्या गळ्यात पडली नाही. पण दोन दिवसांनी तिनं वेणी सुटल्याचं निमित्त काढलं आणि ती ओसरीवर जाऊन तिच्या पुढ्यात पाठ करून बसली. चिमणाबाईनं हातातली लड बाजूला ठेवली आणि फणी मागितली.

रंगनाथ पोरांना न्यायला आला तेव्हा चतुरानं हट्टानं त्याला आणि चिमणाबाईला ओसरीवर समोरासमोर बसवलं आणि सगळ्यांना आत घेतलं. ते काय बोलले ते तिनं कधी विचारलं नाही. बाहेरून एकदा ते मोठं हसू ऐकू आलं, तेवढं पुरे झालं. श्रावणाच्या आधी पाट लागला. धोंडाबाई आधी कुरकुरली, मंगलासारखी गोरी नाय म्हणाली; पण महिन्याभरात येवल्याला निरोप आला, की सूनबाई गुडघ्यांना तेल लई चांगलं चोळते.

दिवाळीच्या सुट्टीत चतुरा नाशकाला गेली. नाही म्हटलं तरी तिच्या मनात धाकधूक होती. दारात पाऊल टाकलं तर घर फराळाच्या वासानं भरलेलं. गोटीराम धावत आला, तिच्या पोटाला मिठी मारली आणि लगेच 'चिमाई, मावशी आली' ओरडत आत पळाला. चिमणाबाईला त्यानंच हे नाव ठेवलं होतं. पूर्वी तो चतुराचा पदर सोडत नसे. चतुराला क्षणभर टोचलं, आणि टोचलं याचं तिला हसूही आलं.

तानू कुठं दिसेना. ती परसात डोणीच्या कडेला फुगून बसली होती. चतुरा जवळ जाताच तिनं तोंड उघडलं, ते थांबेचना. चिमाई शाळेतून आल्यावर खेळायला सोडत नाही, आधी पाढे म्हणायला लावते, तिला स्वतःला तर बेचा पाढासुद्धा येत नाही. कारल्याची भाजी ताटात टाकू देत नाही. गोटीरामानं दोन करंज्या पळवल्या तर त्याला हसली आणि मला मात्र रागावली. "तू तिला सांग काहीतरी," तानू म्हणाली. "तुझं ऐकेल ती. तू मावशी आहेस."

चतुरा तिच्याजवळ डोणीवर टेकली. चेहरा गंभीर ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं, कारल्याचं तर दोनदा. आईबद्दलची गाऱ्हाणी ऐकायला घरी मावशी आली होती, आणि पोरगी त्यात जराही कसूर करत नव्हती. आतून चिमणाबाईनं हाक मारली, चकलीत तिखट बेताचं घालू का झणझणीत?

"झणझणीत," तानूनंच इथून ओरडून सांगितलं आणि ती पुन्हा मावशीकडे वळली. "आणि अजून ऐक," ती म्हणाली.